निवृत्तीची चारचाकी

फाट्यापासून अर्ध्या कोसावर एक गाव होतं. त्या गावात एक भजीवाला राहत होता, आणि त्याचे गुडघे त्याच्या आधीच म्हातारे झाले होते. नाव त्याचं निवृत्ती. आता आईबापानं नाव ठेवलं म्हणून का कुणाला निवृत्ती मिळते? रोज दुपारी तो आपली हातगाडी गावातून फाट्यापर्यंत ढकलत न्यायचा, एसटीच्या थांब्यापाशी लावायचा, दिवेलागणीपर्यंत कांद्याची आणि मिरचीची भजी तळायचा आणि गाडी ढकलतच परत आणायचा. सव्वीस वर्षं हेच चाललं होतं. पूर्वी तो एका दमात फाटा गाठायचा. हल्ली वाटेत तीनदा थांबावं लागायचं. एकदा पाण्याच्या टाकीपाशी, एकदा चिंचेखाली आणि एकदा पुलाच्या कठड्याला टेकून.

गावात हळूहळू दारोदार मोटारी आल्या. निवृत्तीच्या दारात काही आली नाही. त्यावाचून त्याचं अडलं असं नाही, पण दमणूक फार झाली. पाहुण्यांच्या लग्नाला गेलं तर पंगत बसायच्या आत उठायचं, कारण शेवटची एसटी चुकली की झोपायची पंचाईत. बायकोला, सगुणाला, दवाखान्यात न्यायचं तर आधी कुणातरी मोटारवाल्याच्या ओट्यावर जाऊन बसायचं, उगाच पीकपाण्याच्या गप्पा मारायच्या आणि मग हळूच विषय काढायचा. कुणी वाटेत मोटार थांबवून 'बसा, सोडतो' म्हणालं, तर पिशव्या मांडीवर घेऊन अंग चोरून बसायचं आणि उतरेपर्यंत त्याचे सल्ले ऐकायचे. त्यापेक्षा चालणं बरं, असं निवृत्तीला वाटायचं. पण चालून चालून पाय बोलायला लागले होते.

तेही त्यानं निभावलं असतं. पण मुलाच्या लग्नाचं घोडं अडलं.

मुलगा नवनाथ बत्तीस वर्षांचा झाला होता. विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी जळाल्या की त्या दुरुस्त करायचं त्याचं छोटंसं दुकान होतं. मुलगा सरळ, निर्व्यसनी, कामाला वाघ. पण स्थळ यायचं, घर बघायचं, चहा प्यायचं आणि निघताना एकच विचारायचं, "दारात गाडी न्हाई वाटतं?" त्यानंतर त्यांचा फोन कधी यायचा नाही. असं आठ वेळा झालं. आठव्या वेळेनंतर सगुणानं पाहुण्यांच्या कपबशा फडताळात मागे सरकवून ठेवल्या. निवृत्तीला ते दिसलं, आणि त्या रात्री त्याला भाकरी गेली नाही.

नववं स्थळ आलं ते तालुक्याच्या गावच्या उद्धवरावांकडून. उद्धवराव लग्नं जमवून द्यायचे. त्यांनी आपल्या घरी नवनाथची आणि सुवर्णा नावाच्या मुलीची भेट घालून दिली. दोघं तासभर बोलली. नवनाथ घरी आला तो शीळ घालत. ती शीळ ऐकून सगुणानं कपबशा पुन्हा पुढे काढल्या.

दोन दिवसांनी उद्धवरावांचा निवृत्तीला फोन आला.

"निवृत्तीराव, मुलीकडचे विचारताहेत, गाडी आहे ना तुमची?"

"हाय की! सव्वीस वर्षं झाली."

"स्वतःची?"

"मग काय भाड्याची?"

"अहो, चारचाकी म्हणतोय मी."

"चारचाकीच! मागच्या दिवाळीला चारी चाकं नवी टाकली. रंगबी नवा दिलाय, हिरवागार."

"वा! आणि मुलगा मोटारींचंच काम करतो म्हणालात. झकास. रविवारी घर बघायला घेऊन येतो त्यांना."

आता यात निवृत्ती एक अक्षर खोटं बोलला असेल तर सांगा. ज्याच्या आयुष्यात एकच गाडी आहे, त्याला 'गाडी' म्हटल्यावर दुसरं काय आठवणार? सगळा फाटा 'निवृत्तीच्या गाडीवर भेटू' असंच म्हणायचा. फोन ठेवून तो सगुणाला म्हणाला, "बघ, नुसती गाडी हाय म्हटल्यावर खूश झाले. मान्सं चांगली दिसतात."

रविवारी सकाळी उद्धवराव सगळ्यांच्या आधी पोचले. दुसऱ्यांना मोटारींची स्थळं दाखवणारा हा माणूस स्वतः मात्र एसटीनं आला होता आणि फाट्यापासून पायी चालत आला होता. घाम पुसत त्यांनी अंगणात पाहिलं आणि विचारलं, "गाडी कुठाय?"

"ही काय," निवृत्ती म्हणाला.

उद्धवरावांनी हिरवी हातगाडी पाहिली. कढई पाहिली, स्टोव्ह पाहिला, झारा पाहिला. मग ते मटकन ओट्यावर बसले. "अरे देवा! निवृत्तीराव, घात केलात! माणसं तासाभरात येतील."

तेव्हा कुठे निवृत्तीच्या डोक्यात उजेड पडला. तो म्हणाला, "मग फोन करून सांगू त्यांना."

"खुळे की काय? सांगितलंत की मोडलंच! पोराचा चेहरा बघा आणि मग ठरवा."

निवृत्तीनं पोराचा चेहरा पाहिला. नवनाथ दारात उभा होता. त्याला काहीतरी सांगायचं होतं. "अण्णा, ऐका तर, मी तिला..." असं म्हणेपर्यंत उद्धवरावांनी त्याला शर्ट बदलायला आत पिटाळलं. निवृत्तीला वाटलं, आठ वेळा झालं, आता नववी वेळ सोसायची नाही. नकार सोसायला अंगात जोर लागतो आणि तो आता उरला नव्हता. तो म्हणाला, "करा काय करायचं ते."

मग उद्धवराव कामाला लागले. गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या जालिंदरची पांढरी मोटार आणून दारात उभी केली. हिरवी हातगाडी शेजारच्या गोठ्यात, म्हशीच्या बाजूला नेऊन ठेवली आणि वरून ताडपत्री टाकली. सगुणा हे सगळं बघत होती. ती एवढंच म्हणाली, "अहो, जिनं जगवलं तिलाच झाकताय व्हय?" निवृत्तीला एकाएकी फार दमल्यासारखं झालं. अजून गाडी ढकलायला घेतलीही नव्हती, तरी अंग भरून आलं होतं.

अकराच्या सुमाराला मुलीचे वडील आले. त्यांचं नाव रावसाहेब. बरोबर त्यांची बहीण होती. लाल मोटारीतून आले, आणि मोटार चालवायला माणूसही होता. अरुंद गल्लीत लाल मोटार आणि पांढरी मोटार नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या. कुणाला बाजूनं जाता येईना. शेजारची शेळीसुद्धा खालून गेली.

पोहे झाले, चहा झाला. रावसाहेब कडक इस्त्रीच्या सदऱ्यात अवघडून बसले होते. घर आवडलं, असं त्यांची बहीण म्हणाली. उद्धवराव खुलले. मग रावसाहेबांनी दाराकडे पाहिलं आणि लोक विचारतात तसं विचारलं, "पावणं, गाडी किती देते?"

आता हा प्रश्न मोटारवाले एकमेकांना विचारतात. एक लिटरमध्ये किती पळते, एवढंच त्यांना हवं असतं. पण निवृत्तीच्या तोंडून गेलं, "पोटापुरतं देते. कधी उपाशी न्हाई ठेवलं."

रावसाहेबांना काही कळेना. उद्धवराव जोरात खोकले. "निवृत्तीराव विनोदी आहेत हो! सांगा, सांगा, ॲव्हरेज सांगा."

निवृत्तीनं तोंड उघडलं. एक आकडा सांगितला असता की झालं असतं. पण त्याच्या डोळ्यांपुढे पुढचं सगळं आलं. आज आकडा सांगायचा. साखरपुड्याला पुन्हा जालिंदरच्या ओट्यावर बसायचं. लग्नाला पुन्हा. सून आली की तिला सांगायचं, गाडी दुरुस्तीला दिलीय. महिन्यानं सांगायचं, विकली. आणि तोवर रोज हिरवी गाडी सुनेच्या नजरेआडून, मागच्या दारानं न्यायची. त्याला नुसत्या विचारानंच धाप लागली.

तो उठला आणि म्हणाला, "रावसायब, जरा माझ्याबरोबर चला."

"कुठं निघालात?" उद्धवराव ओरडले.

निवृत्तीनं ऐकलं नाही. रावसाहेबांना गोठ्यात नेलं, ताडपत्री ओढून काढली आणि म्हणाला, "ही माझी गाडी. दारातली माझी न्हाई. मी फोनवर खोटं बोललो न्हाई, पण आज सकाळपास्नं बोलतोय. मी दमलोय हो, रावसायब. ही एक गाडी ढकलून माझी कंबर गेली. तुम्ही होय म्हणाल, तर ती खोटी गाडीबी उद्यापास्नं मलाच ढकलावी लागंल. दोन गाड्या ढकलायचं बळ आता माझ्यात न्हाई. नकार द्यायचा तर खुशाल द्या. चहा प्यालात, तेवढं पुष्कळ झालं."

गोठ्यात म्हैस रवंथ करत होती. रावसाहेब पुढे झाले. त्यांनी हातगाडीच्या चाकावर हात ठेवला, दांड्याची गुळगुळीत झालेली जागा पाहिली. दारात सगुणा पदर तोंडाला लावून उभी राहिली. मोडलं, असं तिला वाटलं.

तेवढ्यात गल्लीतून भोंगा वाजला. लाल मोटारीचा माणूस खिडकीतून ओरडला, "काका, आवरा लवकर! मालकानं दोनच्या आत गाडी परत आणायला सांगितलीय. त्यांना बाहेर जायचंय!"

रावसाहेबांची मान खाली गेली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"तुमची न्हाई गाडी?" निवृत्तीनं हळूच विचारलं.

"माझी कुठली, पावणं? मी शाळेत शिपाई. गावातल्या सावकाराच्या हातापाया पडून आणली," रावसाहेब म्हणाले. "हे उद्धवराव म्हणाले, ती गाडीवाली मान्सं हायेत, एसटीनं गेलात तर दारात उभं करायची न्हाईत. चार दिवस झोप न्हाई मला. म्हटलं, एवढ्या मोठ्या घरी पोरगी दिली तर सणावाराला तिच्या दारात जायचं कुठल्या तोंडानं?"

दोघांनी वळून मागोमाग आलेल्या उद्धवरावांकडे पाहिलं. उद्धवराव आपल्या चपलेचा अंगठा तुटलाय का ते फार बारकाईनं बघत होते.

आधी कोण हसलं ते कळलं नाही. पण दोन दमलेली माणसं हसायला लागली की लवकर थांबत नाहीत. गोठ्याच्या खांबाला धरून दोघं हसली. हसता हसता रावसाहेबांनी इस्त्रीच्या सदऱ्याची वरची दोन बटणं सोडली. मग ते लाल मोटारीपाशी गेले आणि म्हणाले, "तू जा बाबा. माझ्या बहिणीचे पाय दुखतात, तिला तेवढं घेऊन जा. मी एसटीनं येतो."

दुपार झाली. निवृत्तीची फाट्यावर जायची वेळ झाली आणि रावसाहेबांची एसटीची. निवृत्ती नको नको म्हणत असताना रावसाहेबांनी हातगाडीचा एक दांडा धरला. दोघांनी गाडी ढकलायला सुरुवात केली. इतक्या वर्षांत निवृत्तीला पहिल्यांदाच ती हलकी लागली.

पाण्याच्या टाकीपाशी ते थांबले. रावसाहेबांनी मुलीला फोन लावला. "सुवर्णा, आगं ती गाडी म्हणजे भज्यांची हातगाडी हाय."

पलीकडून सुवर्णा म्हणाली, "मला ठाऊक आहे, आबा. नवनाथनं पहिल्याच दिवशी सांगितलं. मी म्हटलं, माझे वडील सायकलवर शाळेत जातात. तुम्हाला सांगायला गेले तर तुम्ही गाडी मागायला सावकाराकडे पळालात."

चिंचेखाली ते थांबले तेव्हा रावसाहेब जरा घुटमळत म्हणाले, "एकच काळजी हाय. पोरीची आई आजारी असती. कधी बोलावलं तर पोरीला लगोलग यायला जमंल का?"

निवृत्तीनं खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं. "मोटार न्हाई, हे खरं. पण सकाळची सव्वासातची आन् दुपारची दोनची, दोन्ही एसट्यांचे कंडक्टर माझ्या गाडीवर खाऊन मोठे झालेत. माझी सून फाट्यावर उभी दिसली तर एसटी तिला घेतल्याबिगर हलायची न्हाई. आन् एसटी नसंल तर मी आन् नवनाथ तिच्यासंगं चालत येऊ. चालायची सवय हाय आम्हाला."

रावसाहेबांनी दांडा पुन्हा घट्ट धरला.

पुलापाशी गाडी थांबली. निवृत्ती नेहमीप्रमाणे कठड्याला टेकला आणि डोळे मिटून श्वास घ्यायला लागला. सकाळपासून 'पावणं, पावणं' म्हणणारे रावसाहेब त्याच्या शेजारी टेकले. थोड्या वेळानं त्यांनी निवृत्तीच्या खांद्यावर हात ठेवला.

"चला व्याही," ते म्हणाले. "फाटा जवळ आलाय."

तात्पर्य: दारात गाडी नसली तर माणसाचे पाय दमतात, पण नसलेली गाडी असल्याचं सोंग आणलं तर सगळा माणूसच दमतो.