घंटा वाजेल तिथं म्हैस

एका गावात एक भोळा म्हसरंवाला होता, नाव येसबा. म्हसरंवाला म्हणायचं ते आपलं मानाने, कारण त्याच्याकडे म्हैस होती एकच. तिचं नाव चंद्री. चंद्री गाभण होती, आज-उद्या विणारच होती, आणि नेमकी अशातच एका सकाळी दावं तोडून ती डोंगराकडे निघून गेली.

येसबाची बायको हौसा कपाळाला हात लावून बसली. रानात कुठे व्याली तर पारडू कोल्ही-कुत्री नेतील, म्हणाली. स्वतः गेली असती, पण येसबाला घरी ठेवून गेलं तर घराचं काय होईल याचीही तिला धास्ती होती. म्हणून तिने त्याच्या हातात दोर दिला आणि समजावून सांगितलं.

"तिच्या गळ्यात घंटा हाय. घंटा वाजंल तितं म्हैस. ध्येनात ठेवा."

येसबाने ध्यानात ठेवलं. ध्यानात ठेवण्यात तो कधीच कमी पडला नाही. वेशीपर्यंत गेला तर समोरून घंटा वाजत आली. गारीगारवाला सायकलवर पेटी बांधून घंटा बडवत चालला होता. येसबाने दोराचा फास सायकलच्या हँडलात टाकला आणि चुचकारत चुचकारत तिला घराकडे ओढू लागला. गारीगारवाला ओरडला, येसबाने त्याच्या पाठीवरून मायेने हात फिरवला. दोन गारीगार मातीत पडले तेव्हा कुठे त्याला आपली चूक उमगली.

गारीगारवाला मूळचा मवाळ माणूस. तो म्हणाला, बाबा, नुसती घंटा ऐकून धावू नकोस. आधी कान दे. ज्या कानाला आवाज मोठा येईल त्या अंगाला वळ.

हे येसबाला फार पटलं. डोंगराच्या पायथ्याला एक चिंच होती, तिथे उभा राहून त्याने कान दिला. लांबून घंटा वाजली. उजव्या कानाला मोठी वाजली. तो उजवीकडे वळला. चार पावलं गेला, पुन्हा कान दिला, पुन्हा उजव्याच कानाला मोठी. पुन्हा वळला. असं करत त्याने चिंचेला अकरा फेरे घातले. आता त्याच्या डाव्या कानात हौसाने आदल्या दिवशी ठणक्यावर तेलाचा बोळा घातला होता, त्याला चिंच तरी काय करणार.

बाजूला मेंढरं राखत एक धनगराची म्हातारी बसली होती. पहिले पाच फेरे तिला वाटलं माणसाचा काही नवस असेल. अकराव्याला तिने उठून त्याच्या कानातला बोळा उपसून काढला आणि सांगितलं की दोन्ही कानांना सारखा आवाज आला की वळायचं नाही, नाकासमोर चालत सुटायचं.

"आन् मदी काय आलं तर?"

"मदी काय येतंय," म्हातारी म्हणाली आणि मेंढरं वळवायला गेली.

येसबाने मान इकडे वळवली, तिकडे वळवली. घंटा दोन्ही कानांना अगदी सारखी वाजली. तो नाकासमोर निघाला. घंटा पाठीमागे असली तरी दोन्ही कानांना सारखीच वाजते, हे म्हातारीने सांगितलं नव्हतं आणि येसबाने विचारलं नव्हतं. चंद्री त्याच्या मागेच होती. ओळखीचा माणूस दिसला म्हणून बिचारी झुडपातून निघून रमतगमत त्याच्या मागोमाग चालली होती. पुढे शेजारच्या गावची मक्याची रानं लागली, तेव्हा माणसापेक्षा मका बरा वाटून ती थांबली.

येसबा थांबला नाही. बांधावरून गेला, काटेरी कुंपणातून गेला, ओढ्यातून गेला. शेजारच्या गावात नाकासमोर एक घर आलं. तो पुढच्या दाराने आत शिरला, स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात उतरला आणि वाळत घातलेल्या पापडांवरून चालू लागला. घरची बाई लाटणं घेऊन धावली. येसबाने तिला नम्रपणे सांगितलं की जरा बाजूला व्हा, माझं नाक तुमच्याकडे आहे.

पण त्याचा चेहरा बघून बाईलाच दया आली. काट्यांनी ओरबाडलेला, डोळ्यांत पाणी. माझी चंद्री विणार आहे हो, तो म्हणाला, आणि घंटा बारीक बारीक होत चालली आहे. चंद्रीला तो लहानपणापासून हाताने भाकरी भरवायचा, त्याचा जीव खरंच कासावीस झाला होता. बाईने सांगितलं, आवाज बारीक होतोय म्हणजे लांब चाललात. आवाज मोठा होईल तिकडे जा, जिथे सगळ्यांत मोठा, तिथे वस्तू.

एवढ्यात गावात कर्णा वाजला. "एक म्हैस सापडली आहे. गळ्यात घंटा आहे. ग्रामपंचायतीच्या कोंडवाड्यात बांधली आहे. ज्याची असेल त्याने घेऊन जावी."

म्हैस सापडली, हे शब्द येसबाने ऐकले आणि तो आवाजाकडे पळत सुटला. आवाज मोठा होत गेला. पंचायतीपुढच्या लिंबाखाली तो फारच मोठा झाला. येसबाने वर पाहिलं. कर्णा लिंबावर होता. येसबा लिंबावर चढला. तिथे आवाज सगळ्यांत मोठा होता. त्याने कर्ण्यात डोकं घातलं आणि आत हाक मारली, "चंद्रे!" तेवढ्यात पंचायतीत बसलेल्या शिपायाने तीच सूचना दुसऱ्यांदा दिली.

येसबा खाली आला तो फांदीसकट. शिपायाचं नाव बाळकू. त्याने येसबाला उठवलं, आधी खोलीतला माईक दाखवला, मग लिंबावरचा कर्णा दाखवला, मग कोंडवाड्यात रवंथ करणारी चंद्री दाखवली. आणि कानात घुमणारा आवाज ओसरल्यावर मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

"आवाज जितनं येतोय, तितं वस्तू नसती. कळलं?"

येसबाला कळलं. आज दिवसभरात त्याला इतकं स्वच्छ काही कळलं नव्हतं.

चंद्रीचा दोर धरून तो घराकडे निघाला. ओढा ओलांडला तशी त्याच्या पाठीमागे घंटा वाजली. येसबा थबकला. घंटा मागून येते आहे. आवाज येतो तिथे वस्तू नसते. म्हणजे मागे चंद्री नाही. मग मी हे काय ओढतो आहे, असं म्हणून त्याने दोर टाकून दिला आणि पुढे शोधू लागला. त्याने करवंदीची जाळी शोधली, ओढ्याची घळ शोधली. घंटा सारखी मागे मागे वाजत होती, पण आता तो फसणारा नव्हता. चंद्रीने एक कान त्याच्याकडे ठेवला, दुसरा गावाकडे वळवला, हौसाची पाण्याची बादली वाजलेली टिपली, आणि त्याला तिथेच सोडून सरळ गोठ्यात जाऊन उभी राहिली.

येसबा हताश होऊन घरी आला तेव्हा दिवस कलला होता. आतून हौसाने आनंदाने हाक दिली की चंद्री आली, आत या, जेवायला वाढते.

येसबा उंबऱ्याशीच मटकन बसला. आवाज घरातून आला. म्हणजे हौसा घरात नाही. सकाळी म्हैस गेली, आता बायकोही गेली. त्याला रडू आवरेना. तसाच उठून तो शेजारच्या गावी पळाला आणि बाळकूला म्हणाला, माझी बायको हरवली, तिचा आवाज आमच्या घरातून येतोय.

बाळकूने त्याला हाताला धरून कोंडवाड्यात बसवलं, दाराला कडी घातली आणि माईक हातात घेतला. "एक इसम सापडला आहे. कोंडवाड्यात ठेवला आहे. ज्याचा असेल त्याने घेऊन जावा."

कर्णा ओढ्यापलीकडे ऐकू आला. हौसाने तो इसम कुणाचा, हे विचारायची गरजच नव्हती. चंद्री तेव्हा नुकतीच व्याली होती, काळीभोर पारडी चाटत होती, आता कुठे हिंडणार नव्हती. हौसाने तिच्या गळ्यातली घंटा सोडली, पंचायतीत गेली, नवऱ्याच्या गळ्यात ती घंटा बांधली आणि त्याचा हात घट्ट धरून निघाली. वाटेत ती एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर पुन्हा हरवली असती.

येसबा मात्र वाटभर कान देऊन चालत होता. घरी आल्यावर हौसाने दोन ताटं वाढली. येसबा दाराशीच उभा राहिला. त्याने मान हलवली, घंटा वाजली. पुन्हा हलवली, पुन्हा वाजली. मग त्याने हौसाला हळूच सांगितलं.

"तू जेवून घे. माझं ताट झाकून ठेव. मी आजून आलो न्हाई."