नदीपलीकडची दवंडी

फार पूर्वी, बैल जुंपून तोफा ओढत नेत त्या काळी, एका राजाच्या पदरी एक सरदार होता. शूर होताच, पण स्वतःला जरा जास्तच हुशार समजायचा.

त्या राज्यात एक रीत होती. शत्रू एखाद्या गावात शिरून बसला, तर तोफ डागण्याआधी गावात दवंडी पिटायची आणि बायाबापड्या, पोरंबाळं, म्हातारीकोतारी बाहेर पडेपर्यंत थांबायचं. राजाची तशी सक्त ताकीदच होती.

एकदा शत्रूची टोळी कुंभारांच्या गावात लपली. सरदाराला वाटलं, दवंडी पिटली तर टोळी सावध होईल आणि लुगडी नेसून बायकांच्या घोळक्यातून निसटेल. बरं, रीत मोडावी तर राजाचा धाक! मग त्याने शक्कल लढवली. दवंडीवाल्याला म्हणाला, "नदीच्या पलीकडे जा आणि तिथून पीट."

"सरदार, वारा उलटा आहे. गावात कुणाला धड ऐकू जायचं नाही."

"तू पिटायचं काम कर. ऐकायचं ते बघून घेतील."

दवंडी झाली आणि मागोमाग तोफा धडाडल्या. टोळी खलास झाली. पण भट्ट्या रचत बसलेली कुंभारवाड्यातली माणसंही तिच्याबरोबर गेली.

राजाने विचारलं, "दवंडी दिली होती ना?"

"दिली होती, महाराज," सरदार बेधडक म्हणाला. राजाने हळहळत त्याला गावात धान्य वाटायला पाठवलं.

तिथे पडक्या भट्टीपाशी एक म्हातारी बसली होती. सरदाराला पाहून ती धडपडत उठली आणि हात जोडून म्हणाली, "सरकार, माझ्या हातून पाप झालं. सून म्हणत होती, 'आत्याबाई, लांब कुठं काही वाजतंय.' म्याच म्हटलं, आसंल कुणाची वरात, तू आपली भट्टी रच. राजानं दवंडी दिली, अन् म्या बहिरीनं लेकीसारखी सून घालवली."

सरदाराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प बसला असता तर त्याची अब्रू शाबूत राहिली असती. म्हातारी मात्र मरेपर्यंत स्वतःलाच कोसत राहिली असती. मान वर करायची त्याला हिंमत होईना.

"आजी, दोष तुमच्या कानांचा नाही," तो कसाबसा म्हणाला. "कुणाला ऐकू जाऊ नये म्हणूनच मी दवंडी नदीपलीकडे पिटवली."

ती शिव्या देईल, निदान थुंकेल तरी, असं त्याला वाटलं. तसं झालं असतं तर त्याला बरंच वाटलं असतं. पण म्हातारीने धान्याचं पोतं हळूच त्याच्याकडे सरकवलं.

"हे परत न्या, सरकार. रांधणारी न्हाई आता घरात."

सरदाराने आपली तलवार राजापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. राजाने ती पुन्हा कधी त्याच्या हाती दिली नाही, आणि त्यानेही मागितली नाही.

तात्पर्य: पोचू नये म्हणून दिलेला इशारा हा इशारा नव्हे, घातच, आणि ज्यांना तो कळला नाही, दोष त्यांचा नव्हे.