बंदुकीवरची चांदी

फार जुनी गोष्ट आहे. डोंगरांना धड वाटाही फुटल्या नव्हत्या तेव्हाची. कड्याखालच्या एका गावात हैबती नावाचा मानाचा शिकारी राहत असे. त्याच्या बंदुकीवर राजाने बक्षीस दिलेले चांदीचे जाड पत्रे ठोकलेले होते. गावात पाहुणा आला, की हैबती बंदूक पुसायला हमखास ओसरीवर येऊन बसे.

त्याच गावात धाकू होता. काल मिसरूड फुटलेला! पण रानडुकरे माजली, की हाच आधी कडा चढे, आणि हैबती धापा टाकत पोचेपर्यंत शिकार पडलेली असे. "धाकूची बंदूक हलकी हो!" लोक म्हणत. ते ऐकून हैबतीच्या अंगाचा तिळपापड होई. त्यात राजाने दवंडी पिटवली, की यंदा पहिले डुक्कर मारील तोच मानाचा शिकारी. हैबतीला घास गोड लागेना.

तो लोहाराकडे गेला. "बाबा, धाकूची बंदूक हलकी कशी झाली?"

"लाकडी दस्ता कोरून घेतला, पितळी कड्या काढल्या. तुझं तर त्याहून सोपं. चांदी काढ, शेरभर वजन उतरेल."

"चांदी? मग मला ओळखणार कोण?"

"बरं, नको काढू. पण नळीला कानस लावू नकोस. दारू तिथंच पेटते."

म्हातारा धाकूला सामील आहे, असे हैबतीच्या मनाने घेतले. मत्सरी माणसाला सगळे गावच सामील दिसते. घरी जाऊन त्याने दार लावले आणि चार दिवस नळीच घासली. बंदूक हलकी झाली, चांदीही जागच्या जागी राहिली.

शिकारीच्या दिवशी हैबती खरेच पुढे गेला. मागे धाकू घामाघूम झालेला पाहून त्याला कोण आनंद झाला! समोर डुक्कर दिसताच त्याने बार काढला. नळी फुटली आणि उजव्या हाताची तीन बोटे गेली.

धाकू धावत आला. स्वतःची बंदूक त्याने तिथेच टाकली. "काका, गळ्याला धरा."

"अरे, तुझी बंदूक..."

"राहू द्या. तुमचंच वजन पुरे आहे."

पाठुंगळी घेऊन त्याने हैबतीला गावात आणले. डुक्कर निसटले, तरी हे ऐकून राजाने मान धाकूलाच दिला.

जखम भरल्यावर हैबती फुटकी बंदूक घेऊन लोहाराकडे गेला. लोहाराने चिमट्याने पत्रे उपटून त्याच्या मांडीवर ठेवले. "एवढंच काम होतं रे," तो म्हणाला. हैबती ढसाढसा रडला.

मत्सर माणसाला टाकायचे ते जपायला लावतो आणि जपायचे तेच झिजवायला लावतो.