मसाजीचा मान

कांबरगडाच्या पायथ्याशी दर माघात भूवैज्ञानिकांचा सत्कार होतो. जमिनीच्या पोटातलं ज्याला कळलं अशा कुणा एकाला गाव मानानं बोलावतं. बाहेरचा पाहुणा इथे हमखास एकदा चपापतो, कारण शाल आणि श्रीफळाच्या आधी त्याच्यापुढे येतात ते कोरे करकरीत जोडे. मग गडाचा म्हातारा गुरव हसतो. "घाला पायात, साहेब. अपमान नव्हे तो. आमच्याकडे जोडे नसले तर माणूस घाबरतो." आणि तो पाहुण्याला बुरुजाच्या पायाशी घेऊन जातो. तिथे एक माणूस वाकून जाईल एवढं भगदाड आहे. तोफेच्या गोळ्याचं नाही ते.

गड नवा बांधत होते तेव्हाची गोष्ट, असं सांगतात. हा बुरूज काही केल्या उभा राहीना. दोनदा चढवला आणि दोनदा माणसांसकट कोसळला. दुसऱ्या खेपेला दगडांखालून जे काही निघालं, ते कुणाचं ते हातातल्या कड्यांवरून ओळखावं लागलं. किल्लेदारानं देवऋषी आणले, बोकड कापले. शेवटी मसाजी पाथरवटाला बोलावणं गेलं.

मसाजीनं पाया उकरून पाहिला. वर काळा फत्तर, खाली काळा फत्तर, आणि मधोमध तांबड्या मातीचा थर. कोरडा असेतो वीट, पाणी मुरलं की लोणी. तो थर कुठून कुठे जातो ते त्यानं अख्खा डोंगर पालथा घालून शोधलं. थर जिथे संपला तिथवर बुरूज मागे घेतला, आणि बुरूज उभा राहिला. पण तटाखाली तो थर आणखी कुठे कुठे आहे, गड नेमका कुठून ढासळेल, हेही आता मसाजीला ठाऊक झालं होतं. किल्लेदाराला रात्री झोप येईना म्हणे. त्यानं दवंडी पिटवली: मसाजीला असा मान देऊ की आजवर कुणाला दिला नसेल.

मसाजीला एकच मुलगी, सगुणा. बिनआईची, आणि भारी दचकी. घणाचा घाव पडला की तिचे खांदे उडत. "पाथरवटाची पोर आन् दगडाला भिते!" बायका चिडवत. मसाजी म्हणायचा, "भिऊ द्या की. घरात एकाचे तरी कान शाबूत ऱ्हातील."

सत्काराच्या सकाळी गडावरून ताट आलं. पागोटं, शेला, जरीचा अंगरखा, चांदीचं कडं. वस्ती हरखून गेली. सगुणाची नजर मात्र ताटावरून दोनदा फिरली. ताटात जोडे नव्हते. गडावरून पोशाख मिळालेली माणसं तिनं पाहिली होती. पोशाखात जोडे असायचेच, ते घालूनच माणूस वाजतगाजत घरी परतायचा.

"आबा, जोडे न्हाईत."

"मापाचे मिळाले नसतील गं. ह्ये पाय हायेत का फावडी?" मसाजी हसला, पागोटं सावरलं आणि अनवाणीच ढोलांच्या मागे निघाला.

ती मागोमाग गेली. वाटेत दोघींनी तिला वेडी म्हटलं.

बुरुजाच्या पायाशी एक उभा कोनाडा ठेवला होता. देवासाठी असेल, असं सगळे समजत होते. शिपायांनी मसाजीला त्यात ढकललं तेव्हा त्याला समजलं. त्यानं एकाच्या नाकाचा चेंदा केला, दुसऱ्याच्या मनगटाचा लचका तोडला. मग हवालदारानं त्याचे दोन्ही पंजे दगडावर धरवले आणि घण घातला. ज्या बोटांनी तो फत्तर चाचपायचा, त्यांची पिठी झाली. त्याच्याच भाऊबंद पाथरवटांच्या मानेला भाले लावून शिपायांनी त्यांच्याकडून कोनाडा चिणून घ्यायला सुरुवात केली. आतली किंकाळी बाहेर येऊ नये म्हणून ढोल दुप्पट वाजू लागले.

सगुणा धावली. हवालदारानं तिला केसांनी उचलून आपटलं. पडल्या जागी तिच्या हाताला पहार लागली. ती उठली आणि पहार त्याच्या कानशिलात घातली. तो चुन्याच्या ढिगात कोसळला, आणि पांढरा चुना लालभडक झाला. कुणाच्या तरी तलवारीनं तिचा खांदा हाडापर्यंत उघडला, तरी पहार सुटली नाही.

तोवर पाथरवट खाली मान घालून दगड लावत होते. शेवटचा चिरा ज्याच्या हातात होता त्यानं तो भिंतीत बसवलाच नाही, समोरच्या भालाईताच्या तोंडावर हाणला. मग आवरणं कुणाच्या हातात राहिलं नाही. वर्षभर डोक्यावरून वाहिलेले दगड उलटे फिरले. शिपाई पायऱ्यांवरच ठेचले गेले. किल्लेदार "मारा, मारा" ओरडत मागे सरत होता. त्याला तटाला टेकवून त्यांनी एवढे धोंडे घातले की शेवटी नुसता ढीगच दिसत होता.

ढोल मात्र वाजतच होते. थांबाल तर हात तोडू, असं ढोलक्यांना बजावलेलं, आणि बजावणारा मेला हे भीतीनं त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. सगुणानं पहारीनं एकेक ढोल फाडला.

मग ती भिंतीला भिडली. शेवटच्या चिऱ्याची फट पार वर राहिली होती, आत नुसता काळोख. "आबा!"

काही नाही.

"आबा, ओ द्या!"

एकानं भिंतीच्या मधोमध घण उगारला. तिनं हात वर करून त्याला थांबवलं. सगळ्यांनी श्वास रोखला.

आजही सत्कार उरकला की कांबरगडावर ढोल वाजत नाही, टाळी पडत नाही. पाहुण्यासकट सगळं गाव बुरुजापाशी जाऊन मुकाट उभं राहतं. पाहुण्याला वाटतं, ही श्रद्धांजली. गुरव मान हलवतो. "मेलेल्यासाठी न्हाई, साहेब. वाट बघतोय आमी."

सगुणानं रक्तानं भिजलेला गाल ओल्या चुन्याला लावला आणि तिसरी हाक मारली, असं सांगतात. आतून आधी खोकला आला. मग, नेहमी काम शिकवताना यायचा तसा, जरा वैतागलेला आवाज:

"मधोमध घाव घालू नका रं. मधला चिरा भार धरून हाय. सगू, त्याच्या डावीकडचा काढ."