धुरपा न्हाविणीचा बोरू

फार मागची गोष्ट. तेव्हा बोरतळ्याला ना रस्ता होता ना दवाखाना. गावात धुरपा नावाची न्हावीण होती, तीच सुईण. गावातलं एकूण एक मूल तिच्या हातांवर जन्मलेलं. तिच्या हातात आलेलं मूल रडल्याशिवाय राहत नसे, असं म्हणतात.

एका वर्षी घटसर्पाची साथ आली. मुलांचे घसे आतून बुजायचे, श्वास घरघरायचा आणि तिसऱ्या दिवशी थांबायचा. धुरपा एका पोराला पाठीशी बांधून बारा कोस चालत तालुक्याला गेली. दवाखान्याच्या पायरीवर ते पाठीवरच गेलं. आत डॉक्टर दुसऱ्या एका मुलाच्या गळ्याला छेद देऊन चांदीची नळी घालत होते. धुरपेनं दारातून सगळं पाहिलं. निळं पडलेलं ते पोर हळूहळू लाल झालं.

"मला शिकवा," ती म्हणाली.

"बाई, हे तुझं काम नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि नळीनं नुसता श्वास चालतो. आजार उतरायला औषध लागतं. ते माझ्याकडेच पुरेसं नाही."

ती परतली. खाटकाकडे बसून बकऱ्यांच्या गळ्यांवर हात बसवला. चांदी कुठली आणणार? नळीसाठी ओढ्याकाठचा पोकळ बोरू तासला, उकळला. नवऱ्याचा वस्तरा उकळला.

पहिलं पोर कोंडाई कुंभारणीचं. रक्त थांबलं नाही. कोंडाईनं धुरपेच्या मांडीवरून मूल उचलून घेतलं. त्या दिवसापासून धुरपा दिसली की लोक दारं लावून घेऊ लागले.

मग पाटलांच्या ठकूचा घसा बुजला. पाटलीणबाई स्वतः न्हाविणीच्या दारात आल्या. "धुरपे, नाहीतरी ती चाललीच आहे. कर तुला काय करायचं ते."

धुरपेनं वस्तरा टेकवला तेव्हा गावातली दळती जाती आपोआप थांबली, वारा पडला, असं म्हणतात. बोरूतून शीळ निघाली, ती तीन गावांना ऐकू गेली. ठकू जगली.

त्या शिळेच्या मागानं लोक आले. टोपल्यांत, झोळ्यांत, खांद्यांवर मुलं घेऊन आले. काही मुलं ओढा ओलांडण्याआधीच गेली. ज्यांचे गळे धुरपेनं उघडले त्यांचा श्वास चालायचा, पण आजाराचं विष काळजात उतरायचं, आणि दोन दिवसांत बोरू मुका व्हायचा. चाळीस मुलं तिच्या डोळ्यांदेखत गेली. ठकू धरून जगली तीन.

"मी त्यांचं मरण दोन दिवस लांबवलं, बाई," ती पाटलीणबाईंना म्हणाली. "दुसरं काय केलं?"



औषध मागायला धुरपा पुन्हा तालुक्याच्या वाटेला लागली. ती परत आली नाही. कोणी म्हणतं, ती अजून त्या दवाखान्याच्या दारात उभी राहून औषधाची वाट पाहते आहे. कोणी म्हणतं, वाटेत तिचाच घसा बुजला, आणि तिचा गळा उघडणारं दुसरं कोणी नव्हतं.

आता बोरतळ्याला महिन्यातून एकदा सिस्टर घटसर्पाची लस घेऊन येते. ओढ्याला पाणी असलं तर तेही नाही. पण ती येते त्या दिवशी पहिलं बाळ टोचून झालं, की त्याची आई त्याला छातीशी धरून हळूच म्हणते, "धुरपे, आता बस गं थोडी."