खातो किती, मळतो किती

इचलकरंजीच्या कुमुदताई खटावकरांच्या पावाला गावभर मागणी होती. पण पीठ मळून मळून मनगटं धरू लागली, तेव्हा स्टँड मिक्सर घ्यायला त्या बाजारातल्या सर्वांत मोठ्या दुकानात गेल्या. पारख करायला पावाचं पीठ सोबत नेलं होतं.

दुकानदार दामोदरशेठनं चकचकीत लाल मिक्सरवर थाप मारली. "पंधराशे वॅट! शेजारचा तो करडा पाचशेचाच, त्याच्याकडे बघूही नका. पण बाई, वॅट म्हणजे काय ते तरी कळतं का तुम्हाला?"

गिऱ्हाइकं हसली. कुमुदताईंना ते झोंबलं, पण आवाज चढला नाही.

"कळतं की, शेठ. वॅट म्हणजे मिक्सर वीज किती खातो, ते. जेवण बघून कुणी गडी ठेवतं का? मळतो किती, ते दाखवा!"

त्यांनी दोन्ही मिक्सरच्या भांड्यांत सारखंच पीठ नि पाणी घातलं. लाल मिक्सर गुरगुरला, टेबलावर थडथडला आणि बंद पडला. करड्यानं मात्र संथपणे फिरत लोण्यासारखा गोळा मळून दिला.

शेठ करडा मिक्सर बांधू लागले. मघाशी हसलेली एक बाई पुढे आली नि म्हणाली, "ताई, आमचाही तुम्हीच निवडून द्या."

त्या दुपारी दुकान शेठचं होतं, पण शब्द कुमुदताईंचा चालला.