उजवीकडचं स्टूल

“म्हणजे सापडलं?” सरांनी विचारलं.

“सापडलं,” ऊर्मिला म्हणाली. “आणि आता तुम्ही नाही म्हणालात तरी मी ऐकणार नाही.”

डॉ. नाईकवडे हसले. डोळ्यातल्या गाठी तपासण्यात त्यांची हयात गेली होती. शिष्यांनी आपल्याशी भांडावं असं ते नेहमी म्हणत, आणि डॉ. ऊर्मिला शेंडकर त्यांचं तेवढं एकच म्हणणं अगदी मनापासून पाळायची.

ती त्यांच्या डाव्या हाताला बसली. उजवीकडच्या स्टुलावर कुणी बसायचं नाही, हा त्या प्रयोगशाळेचा जुना रिवाज होता. का, ते कुणी विचारत नसे. सरांचा विक्षिप्तपणा म्हणून सगळे तो निमूट पाळत.

सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी होती. काचपट्टीवर तेजलच्या डोळ्याचा कागदाहूनही पातळ काप. तेजल अजून नीट बोलायलाही लागली नव्हती. लहान मुलांच्या डोळ्यात होणाऱ्या कॅन्सरमुळे तिचा हा डोळा काढावा लागला होता, आणि आता उरलेल्या डोळ्यातही गाठ होती. औषधांनी ती कशीबशी थोपवून धरली होती.

“हे प्रथिन बघा, सर. गाठीच्या पेशीपेशीवर आहे. जिथे आहे तिथे तपकिरी रंग चढलाय. हीच खूण धरून औषध पाठवायचं. औषध या प्रथिनाला जाऊन चिकटणार आणि ती पेशी मरणार.”

सरांनी वाकून बघितलं. एकाच डोळ्याने, त्यांच्या सवयीप्रमाणे.

“झकास. आता काचपट्टी जरा सरकव.”

“कशाला? गाठ इथंच संपते.”

“म्हणूनच.”

तिने सरकवली. गाठीच्या पलीकडे डोळ्याचा निरोगी पडदा होता, ज्याच्यामुळे माणसाला दिसतं तो. त्याच्यावरही तपकिरी रंग होता. फिका, पण होता.

“तो डाग आहे. धुताना राहिलाय.”

हा रंग ती पहिल्यांदा बघत नव्हती. मागेच तिच्या नजरेस पडला होता, तेव्हाच तिने त्याला डाग म्हणून टाकलं होतं, आणि तेव्हापासून सगळे फोटो गाठीच्या मधोमध काढले होते. खोटं तिने काहीच केलं नव्हतं. फक्त तिकडे बघायचं सोडून दिलं होतं.

“मग मागच्या पांढऱ्या भिंतीवर का नाही?” सरांनी विचारलं.

डोळ्याची बाहेरची जाड भिंत कोरी होती. धुताना राहिलेला रंग असा जागा निवडून बसत नाही, हे ऊर्मिला स्वतः नव्या मुलांना शिकवायची.

...

तिला राग आला. सरांचा आला, त्या फिक्या रंगाचा आला, आणि स्वतःचा तर सगळ्यात जास्त. कारण बाहेरच्या बाकावर तेजलची आई मंगल बसली होती, आणि सकाळीच ऊर्मिला तिला सरांदेखत सांगून बसली होती, ‘हा डोळा जाणार नाही. औषध सापडल्यात जमा आहे.’

“असू दे पडद्यावर,” ती म्हणाली. “पडदा जळेल, जळू दे. गाठ तर मरेल? चेहऱ्यावर डोळा तर राहील?”

“डोळा राहील...” सर म्हणाले.

त्यांनी चष्मा काढून ठेवला. उजव्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने दाबली. डोळा अलगद तळहातावर आला. त्यांनी तो गॉजच्या घडीवर तिच्यासमोर ठेवला. देखणा डोळा होता. बारीक तांबड्या शिरासुद्धा कुणीतरी मन लावून रंगवल्या होत्या.

“असा?” त्यांनी विचारलं.

...

ऊर्मिलाने त्या डोळ्याकडे बघितलं. मग रिकाम्या स्टुलाकडे. इतकी वर्षं शेजारी बसून आपल्याला कळलं नाही, याची तिला लाज वाटली.

“तुम्हालाही हेच झालं होतं, सर?”

“हेच. तेजलएवढाच होतो. डॉक्टर आईला म्हणाले, पोरगं वाचलं, आता आणखी काय हवंय तुम्हाला?”

“मग?”

“आई म्हणाली, बघणारा डोळा.”

...

“म्हणजे हे प्रथिन बाद?” तिने विचारलं. आवाज चढला होता, आणि तो तिने उतरू दिला नाही.

“या कामासाठी बाद. गाठीवर आहे आणि पडद्यावर नाही, असं शोध.”

“आणि तसं नसेलच तर?”

“ते मला विचारू नकोस. जिला शब्द दिलास, तिला विचार.”

ती तरातरा बाहेर गेली.

मंगल जतकडची. तेजल तिच्या मांडीवर झोपली होती. ऊर्मिला बाकावर तिच्या शेजारी बसली आणि काही न लपवता बोलली.

“ताई, सकाळी मी घाई केली. त्या औषधाने गाठीबरोबर नजरही जाईल. दुसरं शोधावं लागेल. तेजलच्या वेळेपर्यंत मिळेल, असं मी सांगू शकत नाही. मिळेलच असंही नाही.”

मंगल रडेल, शिव्या देईल, अशी तिच्या मनाची तयारी होती. मंगलने लेकीच्या केसांवरून हात फिरवला.

“आत्ता चालू हायती ती औषधं बंद न्हाई ना करनार तुमी?”

“नाही. ती चालूच राहतील.”

“मग हितं कशाला बसलायसा? जावा की आत. हुडका.”

...

ऊर्मिला परत आली तेव्हा सरांचा डोळा जागेवर होता, चष्माही नाकावर होता. काचपट्टी मात्र होती तिथेच होती, पडद्यावर.

“काय म्हणाली?”

“शोधा म्हणाली.”

“आणि तू?”

“मी शोधणार आहे,” ऊर्मिला म्हणाली. “तुम्ही पुन्हा नाही म्हणालात तरी.”

तिने डावीकडचं स्टूल ओढायला हात पुढे केला. सरांनी मान हलवली. मग उजवा हात लांबवून, चाचपडत, त्यांनी ते रिकामं स्टूल जवळ घेतलं आणि त्याच्यावरची धूळ रुमालाने पुसली.

“आजपासून इकडे बस,” ते म्हणाले. “या बाजूचं मला दिसत नाही.”